दिव्यांची भिंत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर दिवसा शाळेत पदार्थविज्ञान शिकवत आणि संध्याकाळी नाटकाच्या तालमीला दिव्यांच्या पेट्या घेऊन हजर असत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या, म्हणून आजचा विषय सुचला. मी आठवीत असताना स्नेहसंमेलनात एक विज्ञाननाटिका बसवली होती. त्यात 'गणकयंत्र' नावाचं पात्र होतं. आमच्यापैकी कुणीही गणकयंत्र पाहिलेलं नव्हतं. सरांनी प्रयोगशाळेतलं एक मोडकं कपाट घेतलं, त्याला पुढून प्लायवूड ठोकलं, प्लायवूडला बारा भोकं पाडली, बारा बल्ब बसवले आणि मागे मला बारा बटणांच्या बोर्डापाशी बसवलं. रंगीत तालमीत मी उत्साहाच्या भरात सगळी बटणं खटाखटा दाबत सुटलो. सर विंगेतून ओरडले, "अरे, पंगतीत वाढतोयस का? ते यंत्र विचार करतंय. एक लाव. थांब. मग दुसरा."

एक लाव. थांब. मग दुसरा. हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आज मी बोलणार आहे ते अशाच एका कपाटाबद्दल. फरक इतकाच की हे कपाट खरं होतं. अमेरिकेच्या हवाई दलासाठी ते आयबीएम कंपनीनं बांधलं होतं. कामातून गेल्यावर त्याचे तुकडे हॉलिवूडला पोहोचले आणि तिथं त्यांनी तीसहून जास्त वर्षं काम केलं. तुमच्यापैकी अनेकांनी त्याला पडद्यावर पाहिलेलं आहे. नाव मात्र कुणालाच माहीत नसणार, कारण श्रेयनामावलीत कपाटाचं नाव येत नाही.

मी तीन गोष्टी सांगणार आहे. हे यंत्र काय होतं, ही पहिली. त्याला एवढे दिवे कशाला होते, ही दुसरी. तिसरी जरा अडचणीची आहे, ती शेवटी.

पहिली गोष्ट. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रशियानं आपला पहिला अणुस्फोट केला. अमेरिकेत घबराट उडाली. उद्या उत्तर ध्रुवावरून बाँबफेकी विमानं आली तर? रडार होती, पण प्रत्येक रडारला आपापल्या टापूपुरतंच दिसायचं. एका रडारवरचा माणूस ठिपका पाहणार, फोनवर सांगणार, दुसरा माणूस काचेवर खडूनं खूण करणार, तोवर विमान पन्नास मैल पुढे गेलेलं. जेट विमानांच्या काळात हा कारभार चालणार कसा? सगळ्या रडारांची माहिती एका जागी आणून, तिचं चित्र करून, कुठलं लढाऊ विमान कुठे पाठवायचं हे त्याच क्षणी सांगणारं काहीतरी हवं होतं. आणि त्याच क्षणी हिशेब करणारं एक यंत्र योगायोगानं बॉस्टनजवळ एमआयटीत तयार होत होतं. त्याचं नाव 'व्हर्लविंड', म्हणजे वावटळ. जे फॉरेस्टर या इंजिनियरच्या चमूनं ते सुरू केलं होतं नौदलासाठी, वैमानिकांना जमिनीवर बसवून उडायला शिकवायचं म्हणून. चुंबकीय कड्यांची स्मृती ही त्यातलीच कमाई. शाईच्या टिंबाएवढी फेराइटची कडी तारांच्या जाळीत ओवायची, एका कडीत एक हो किंवा नाही. पुढं वीसेक वर्षं जगातले बहुतेक संगणक या कड्यांवर चालले. आपल्या कुलाब्यातल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेला टिफ्रॅकसुद्धा.

या वावटळीतून जी योजना निघाली तिचं नाव 'सेज'. इंग्रजीत सेज म्हणजे ऋषी. आद्याक्षरं जुळवून मुद्दाम केलेलं नाव आहे ते. पूर्ण नावातला पहिला शब्द मात्र प्रामाणिक आहे, 'अर्धस्वयंचलित'. अर्धवट ऋषी म्हणा हवं तर.

या ऋषीचा मेंदू म्हणजे एएन/एफएसक्यू-७. लष्कराला नावं ठेवायला जमत नाहीत, आपण त्याला क्यू-सेव्हन म्हणू. खिडक्या नसलेली काँक्रीटची चार मजली इमारत. यंत्राचं वजन २५० टन. जागा अर्धा एकर. शेती असणाऱ्यांना सांगतो, वीस गुंठे. वीस गुंठ्यांत एक संगणक! विजेची भूक तीन मेगावॉटपर्यंत. व्हॉल्व्ह ४९,००० च्या आसपास. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ ज्यांच्या घरी होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवल्यावर तो गरम होईपर्यंत बातम्या निम्म्या होऊन जायच्या. त्या रेडिओत पाच-सहा व्हॉल्व्ह असत. टिफ्रॅकमध्ये २,७०० होते आणि तेव्हा आपल्याला त्याचं केवढं अप्रूप होतं! इथं एकोणपन्नास हजार. आणि एवढ्या ऐवजाची स्मृती किती? जेमतेम पाव मेगाबाइट. आज सकाळी तुम्हाला आलेल्या 'सुप्रभात'च्या दोन-तीन चित्रांत ती भरून गेली असती.

हसू नका. अशी यंत्रं अमेरिका आणि कॅनडात दोन डझनांच्या आसपास ठिकाणी बसली. रडारचे आकडे टेलिफोनच्या तारांवरून त्यांच्याकडे येत. तारेवरून आकडे पाठवण्यासाठी जी पेटी लागते, जिला आपण पुढं मोडेम म्हणू लागलो, ती मोठ्या संख्येनं पहिल्यांदा बनली ती याच कामासाठी. विमानाची तिकिटं संगणकावर राखून ठेवण्याची सोय आयबीएमनं साठच्या दशकात एका विमान कंपनीला करून दिली, ती इथं शिकलेल्या धड्यांवर. सगळा खर्च मिळून अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पाहून जास्त झाला असं मानलं जातं. म्हणजे बाँब करायला लागले त्याहून जास्त पैसे बाँबच्या भीतीवर खर्च झाले.

आता त्या खोलीत चला. खोली अंधारी आहे, निळसर उजेडाची, पडदे नीट दिसावेत म्हणून. ओळीनं टेबलं. प्रत्येक टेबलात एक गोल पडदा, त्यावर किनारपट्टीची रेघ आणि सरकणारे ठिपके. समोर बसलेला जवान कोवळा आहे, विशीतला. त्याच्या हातात पिस्तुलासारखी एक गोष्ट आहे. ते प्रकाशाचं पिस्तूल. ठिपक्यावर ते टेकवायचं आणि घोडा ओढायचा, की यंत्राला कळतं, हा कुठल्या ठिपक्याबद्दल विचारतोय. तुमच्या हातातला माऊस यायला अजून वेळ आहे. आणि त्या टेबलात, पडद्याच्या शेजारी, कारखान्यातूनच बसवून आलेलं काय आहे? सिगारेट लायटर आणि रक्षापात्र.

मला या रक्षापात्राचं मोठं कौतुक वाटतं. कुणीतरी इंजिनियरनं नकाशावर ते आखलं असेल. मोजमाप लिहिलं असेल. वरिष्ठांनी सही केली असेल. जगबुडी होणार का याची वाट बघत रात्रपाळी करणारा माणूस काय करणार? सिगारेट ओढणार. ती विझवायची कुठं? एवढ्या महागड्या यंत्रात राख पडायला नको. अर्धस्वयंचलित या शब्दातला उरलेला अर्धा म्हणजे हा माणूस.

दुसरी गोष्ट, दिवे.

क्यू-सेव्हनच्या देखभालीच्या खोलीत भिंतभर पॅनलं होती आणि पॅनलांवर ओळीच्या ओळी निऑनचे बारके दिवे. कशासाठी? शोभेसाठी खासच नाही. एकेक दिवा यंत्राच्या पोटातल्या एकेका हो-नाहीचा होता. इथं बेरीज चालू आहे, इथं हा आकडा येऊन थांबला आहे, इथं काहीतरी अडलं आहे. डॉक्टर नाडीवर बोट ठेवतात तसे इंजिनियर त्या ओळींवर नजर ठेवून असत.

आणि नाडी बघण्याची गरज होतीच. एकोणपन्नास हजार व्हॉल्व्ह म्हटल्यावर कुठला ना कुठला रोज जाणारच. म्हणून प्रत्येक ठिकाणी यंत्रं दोन. एक कामावर, दुसरं राखीव. राखीव यंत्राला स्वस्थ बसू देत नसत. त्याचा विजेचा दाब मुद्दाम थोडा कमी-जास्त करायचे. अशक्त व्हॉल्व्ह त्या ताणाला लगेच दगा देई, तो काढून नवा घालायचे. धडधाकट असतानाच आजारी पाडून बघायचं, म्हणजे ऐन वेळी पडणार नाही. ही युक्ती व्हर्लविंडच्या मंडळींची. तिच्यामुळे एवढा अगडबंब कारभार वर्षाकाठी मोजून काही तासच बंद राहायचा.

थोडक्यात काय, तो दिवा खरं बोलत होता. तो पेटला की आत काहीतरी घडलेलं असायचं.

पुढं व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग नखाएवढ्या चकतीवर सगळं मावलं. पोटात काय चाललंय ते दिव्यांनी दाखवण्याची गरज उरली नाही. एका सेकंदात लाखो हो-नाही होऊ लागल्यावर दाखवणार तरी काय? संगणक मुका झाला. एक करडी पेटी, तिला एक पंखा. कामाला उत्तम, पण नाटकाला? दिग्दर्शकाला प्रेक्षकांना सांगायचं असतं, की बघा, हे यंत्र आता विचार करतंय. करड्या पेटीकडे बघून ते कसं कळणार?

इथं सरांचं वाक्य आठवा. एक लाव. थांब. मग दुसरा.

साठच्या दशकाच्या पूर्वार्धापासूनच सेजची काही केंद्रं बंद पडू लागली होती. यंत्रं मोडीत निघाली. बहुतेक ऐवज धातूच्या भावानं गेला असणार. पण काही पॅनलं आणि टेबलं चित्रपटांना सामान पुरवणाऱ्यांच्या हाती लागली. त्यांनी व्हॉल्व्हचा विचार केला नाही, स्मृतीचा केला नाही. त्यांनी दिवे बघितले. सुतारानं वर्षभर खपून असं पॅनल केलं नसतं. पत्रा लष्करी जाडीचा, रंग कारखान्यातला, बटणांखालची नावं बारीक आणि अगम्य. खोटं काहीच नाही. फक्त आत काही नाही.

अर्विन अ‍ॅलन या निर्मात्याची 'द टाइम टनेल' ही मालिका १९६६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सुरू झाली. तीस भाग झाले आणि थांबली. वाळवंटाच्या पोटात एक गुप्त तळ, तिथं काळात मागे-पुढे पाठवणारा बोगदा. दोन शास्त्रज्ञ त्यात शिरतात आणि पहिल्याच भागात थेट टायटॅनिकवर जाऊन पडतात. त्यांना परत आणायची खटपट करणारी मंडळी ज्या यंत्रांपुढे उभी असतात, तीच आपली क्यू-सेव्हनची पॅनलं. कथा घडते १९६८ मध्ये, म्हणजे प्रेक्षकांच्या दोन वर्षं पुढं. आणि यंत्र पन्नासच्या दशकातलं! भविष्य दाखवायला भंगारातून भूतकाळ आणला, आणि कुणाला काही खटकलं नाही.

याच अर्विन अ‍ॅलननं १९७४ साली 'द टॉवरिंग इन्फर्नो' काढला. १३८ मजल्यांची काचेची इमारत आणि तिला लागलेली आग. तिथंही पॅनलं कामावर. १९७६ च्या 'लोगन्स रन'मध्ये तर तेविसावं शतक आहे. माणूस तिशीला आला की त्याला संपवायचं असा तिथला कायदा. शहर संगणक चालवतो. आणि या तेविसाव्या शतकाच्या सजावटीला कोण? विशी गाठलेली आपली पॅनलं. त्या शहराच्या हिशेबानं त्यांनाही दहाच वर्षं उरली होती. पण त्यांनी तिशी केव्हाच ओलांडली.

आपल्यापैकी ज्यांनी राज्य नाट्य स्पर्धेचे सगळे प्रयोग एका केंद्रावर बसून पाहिले आहेत, त्यांना ही गंमत कळेल. सोमवारी जो सोफा जमीनदाराच्या वाड्यात असतो तोच बुधवारी गिरगावातल्या चाळीत आणि शुक्रवारी थेट न्यू जर्सीला मुलाच्या घरी. तिसऱ्या दिवशी प्रेक्षकच हळूच म्हणतात, आला बघ सोफा. हॉलिवूडचा हा सोफा.

पण एक फरक आहे. सोफा सोफ्याचंच काम करतो, त्यावर कुणीतरी बसतं. या पॅनलांवरचे दिवे मात्र आता कशाचेच दिवे नव्हते. मागे मेंदू नाही, व्हॉल्व्ह नाहीत. दिवा पेटायचा तो कॅमेऱ्यासाठी. मूळच्या दिव्याचं आणि त्याच्यामागच्या घडामोडीचं नातं तुटलं, उरलं ते केवळ लुकलुकणं. आणि जगभरच्या दोन पिढ्यांनी 'संगणक विचार करतोय' हे दृश्य या लुकलुकण्यावरून शिकून घेतलं. आमच्या शाळेतल्या बारा बल्बांची कल्पना सरांना कुठून आली असेल? मी त्यांना कधी विचारलं नाही. पण अंदाज बांधायला हरकत नाही.

आता तिसरी गोष्ट, अडचणीची.

आपण इतका वेळ असं बोललो की हे यंत्र आधी खरं काम करत होतं आणि मग नाटकात गेलं. हे तितकंसं खरं आहे का?

तारखा बघा. १९५७ च्या ऑगस्टमध्ये रशियानं आंतरखंडीय क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी घेतली. ऑक्टोबरात स्पुटनिक. आणि सेजचं पहिलं केंद्र न्यू जर्सीतल्या मॅग्वायर तळावर कामाला लागलं ते १९५८ च्या जुलैत. बाँबफेकी विमानाला ध्रुवावरून यायला तास लागतात. क्षेपणास्त्र अर्ध्या तासात येतं आणि त्याला अडवायला कुठलंही लढाऊ विमान चालत नाही. म्हणजे उद्‌घाटनाचा नारळ फुटला तेव्हाच निम्मी लढाई यंत्राच्या हातून गेली होती. तरी ते १९८३ पर्यंत चालवलं.

मग विमानं तरी अडवली असती का? १९६१ च्या १४ ऑक्टोबरला 'स्काय शील्ड' नावाचा मोठा सराव झाला. अमेरिका आणि कॅनडावरची सगळी नागरी विमानं बारा तास जमिनीवर ठेवली होती. आकाश मोकळं करून आपल्याच आणि दोस्तांच्या बाँबफेकी विमानांना सांगितलं, या, हल्ला करा. त्यात ब्रिटिशांची व्हल्कन विमानं होती. त्यांनी रडारला गोंधळात टाकलं आणि काही अडवली न जाता सरळ आत शिरली. लोकांना सांगितलं गेलं, सराव उत्तम झाला. खरे निकाल कित्येक वर्षं कुलपात राहिले.

खरा शत्रू कधीच आला नाही. बरंच झालं. पण मग पंचवीस वर्षं त्या निळ्या खोलीत काय चाललं होतं? खोटे ठिपके पडद्यावर सोडायचे, जवानांनी ते खरे समजून पिस्तूल टेकवायचं, घोडा ओढायचा, गुण मोजायचे. तालीम! पंचवीस वर्षं तालीम, प्रयोग एकही नाही. आणि या तालमीचे प्रेक्षक दोन. एक मॉस्कोत बसलेले. दुसरे, आपल्या डोक्यावर कुणीतरी जागं आहे या भरवशावर झोपणारे अमेरिकन नागरिक.

त्यातही पुढची मौज ऐका. आयबीएमनं १९५६ मध्ये 'ऑन गार्ड!' नावाचा एक प्रचारपट काढला, सेजची महती सांगणारा. १९५६! पहिलं केंद्र सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी. म्हणजे हे यंत्र पहारा द्यायला लागलं त्याच्या आधीच पडद्यावर झळकलं होतं. सामान पुरवणाऱ्यांनी त्याला सिनेमात आणलं असं मी मघाशी म्हणालो. ते त्याला सिनेमात परत घेऊन आले, असं म्हणायला हवं.

मी या यंत्राला सोंग म्हणत नाही. अभियांत्रिकी खरी होती, मोडेम खरं होतं, तारांत कड्या ओवणारे हात खरे होते. पण संरक्षणाच्या यंत्राला दोन कामं असतात. एक अडवण्याचं, दुसरं अडवू शकतो असं दिसण्याचं. किल्ल्यांच्या राज्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बुरुजावरच्या किती तोफा कधी डागल्या गेल्या, आणि किती नुसत्या दिसाव्यात म्हणून तिथं होत्या?

घंटा झाली वाटतं. पाच मिनिटं द्या, एक वर्ष सांगायचं राहिलंय.

१९८३. त्या वर्षाच्या जूनमध्ये जॉन बॅडम यांचा 'वॉरगेम्स' आला. एक शाळकरी मुलगा घरच्या संगणकाला टेलिफोन जोडतो, नवा खेळ शोधता शोधता चुकून हवाई संरक्षणाच्या मुख्यालयाच्या संगणकात शिरतो आणि महायुद्ध सुरू व्हायची वेळ येते. मुख्यालय म्हणजे नोरॅड. सेजची केंद्रं ज्याच्या हाताखाली चालायची तेच. नुसत्या त्या सेटवर दहा लाख डॉलर खर्च झाले. आणि या चित्रपटातही क्यू-सेव्हनची पॅनलं आहेत.

म्हणजे बघा. प्रत्यक्षात सेजची शेवटची यंत्रं त्याच वर्षी बंद केली जात होती. त्यांची भावंडं त्याच वर्षी पडद्यावर त्यांच्याच मुख्यालयाच्या गोष्टीत होती. आणि मुलगा ज्या पेटीवर टेलिफोनचा रिसीव्हर ठेवून हा सगळा उपद्व्याप करतो, ती पेटी म्हणजे मोडेम, या यंत्रापायीच पहिल्यांदा मोठ्या संख्येनं बनलेलं. नातवानं आजोबांच्या घरात चोरी केली, आणि आजोबा कोपऱ्यात दिवे लुकलुकवत बसलेले.

प्रदर्शनाच्या आठवड्यातच हा चित्रपट राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कॅम्प डेव्हिडला पाहिला. रेगन स्वतः नट, हे तुम्हाला माहीत आहे. दोन-चार दिवसांनी सेनाप्रमुखांच्या आणि लोकप्रतिनिधींच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना सिनेमाची गोष्ट सांगितली आणि संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष जनरल व्हेसी यांना विचारलं, असं खरंच होऊ शकेल का? व्हेसींनी चौकशी केली आणि आठवड्याभरानं परत येऊन सांगितलं, की परिस्थिती तुम्हाला वाटते त्याहून वाईट आहे. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९८४ मध्ये, सरकारी संगणकांच्या सुरक्षेबद्दलचा १४५ क्रमांकाचा आदेश निघाला.

पंचवीस वर्षं खऱ्या खोलीत बसून या यंत्राला जे करावं लागलं नाही, ते आत काही नसलेल्या पॅनलांच्या सिनेमानं केलं. राष्ट्राध्यक्षाला घाबरवलं.

पॅनलं त्यानंतरही थांबली नाहीत. १९९६ च्या 'इंडिपेन्डन्स डे'त परग्रहावरून आलेल्यांशी लढाई आहे, तिथंही ती आहेत. काही भाग आता कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूच्या संगणक संग्रहालयात ठेवले आहेत. पुढच्या वेळी मुलाकडे जाल तेव्हा बे एरियातली देवळं झाली की तिथंही जा. आणि दिवे सगळ्यांना दाखवून झाले की टेबलात नीट बघा. रक्षापात्र आहे.